बार्लीची सकाळ आणि कॅसची फाईल

इंदापूरजवळ आमच्या दाजींचा अडीच एकर ऊस आहे. त्यातल्या ओढ्याकडच्या कोपऱ्यावर दर वर्षी केवडा पडतो. बाजरीतला केवडा वेगळा, तो बुरशीचा. उसातला केवडा म्हणजे पानाचा हिरवेपणाच जातो. आधी शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, मधला भाग फिका पडतो, आणि मग सगळं पान केवड्याच्या पातीसारखं पांढरट पिवळं होतं. तिथं कुदळ मारली की हरभऱ्याएवढे चुनखडीचे खडे वर येतात. हा सगळा लोहाच्या कमतरतेचा खेळ. दाजी हिराकशीची, म्हणजे लोहाच्या क्षाराची, फवारणी करतात, पंधरा दिवस पान हिरवं होतं आणि नवीन येणारं पान पुन्हा पिवळं. लागणीच्या वेळी हेक्टरी 25 किलो हिराकस शेणखतात मुरवून देण्याची शिफारस त्यांना तोंडपाठ आहे. ते देतातही. तरी तो कोपरा काही सुधरत नाही.

यातली गंमत अशी की त्या मातीत लोह कमी नाही. आपली काळी जमीन ज्या खडकातून झाली त्या बेसॉल्टमध्ये लोह भरपूर. पण चुनखडीच्या जमिनीचा सामू, म्हणजे पीएच, आठच्या आसपास असतो, आणि सामू एकाने वाढला की या लोहाचं पाण्यात विरघळणं हजारपटीनं कमी होतं. म्हणजे मूळ लोहाच्या ढिगात उभं असतं आणि उपाशी असतं. कोठार भरलेलं, कुलूप लावलेलं. जगातल्या लागवडीखालच्या सुमारे एक तृतीयांश जमिनीची हीच तऱ्हा आहे.

दाजींकडून परतलो त्याच आठवड्यात एका महाविद्यालयात 'बाहेरचा तज्ज्ञ' म्हणून बसलो होतो. काम होतं एका तरुण प्राध्यापकाची कॅसची फाईल तपासायचं. बाहेरच्यांसाठी सांगतो, कॅस म्हणजे पगाराच्या पुढच्या टप्प्यावर जाण्याची योजना, आणि तिची फाईल म्हणजे दोन इंच जाडीचा बाड. या फाईलमध्ये 14 पेपर होते. त्यातले दोन मी तिथंच बसून वाचले. एकात कुठल्याशा झुडपाच्या पानांच्या अर्कापासून चांदीचे सूक्ष्म कण केले होते, दुसऱ्यात तेच कण दुसऱ्या झुडपापासून. बाकीचे बारा मी वाचले नाहीत. कोणीच वाचले नाहीत. चौकशी झाली ती जर्नलला आयएसएसएन हा नोंदणी क्रमांक आहे का, नाव पहिलं आहे की तिसरं, आणि झेरॉक्सवर सही-शिक्का आहे का, एवढ्याची. पॉइंट भरले, बेरीज जुळली, मी सही केली. त्या मुलाला तुम्ही नेमकं काय शोधलंत, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. तो बिचारा गोंधळला असता आणि बाकीचे माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत राहिले असते.

त्या दिवसापासून एक बायोडेटा डोक्यात घोळतो आहे. तो टोकियो विद्यापीठात आणि नंतर इशिकावा प्रीफेक्चरल विद्यापीठात काम केलेल्या नाओको निशिझावा यांचा. वनस्पतींचं लोहपोषण आणि त्याचं रेणवीय जीवशास्त्र हा त्यांचा विषय. म्हणजे, दाजींच्या भाषेत, केवडा.

गोष्ट त्यांच्या आधी सुरू होते. 1976 मध्ये सेई-इची ताकागी या जपानी संशोधकानं ओट आणि भाताची मुळं ज्या पाण्यात धुतली त्या पाण्यात लोह विरघळतं, हे दाखवलं. उपाशी मूळ स्वस्थ बसत नाही. ते काहीतरी बाहेर सोडतं, ते सोडलेलं द्रव्य लोहाला धरून आणतं आणि मूळ त्या दोघांना जोडीनं आत घेतं. पुढे बार्लीच्या, म्हणजे आपल्या सातूच्या, मुळांतून या द्रव्याची रचना हाती आली आणि त्याला नाव मिळालं मुगिनेइक आम्ल. जपानीत 'मुगी' म्हणजे बार्ली आणि 'ने' म्हणजे मूळ. मला हे नाव फार आवडतं. आपल्याकडे झालं असतं तर सातूमूळाम्ल असं काहीतरी जोडून समितीनं मारून टाकलं असतं.

ही युक्ती फक्त गवताच्या कुळाची. गहू, मका, ज्वारी, भात, ऊस ही सगळी गवतंच. सोयाबीन, भुईमूग, हरभरा यांचा मार्ग निराळा: ते मुळाजवळची माती आम्लधर्मी करतात आणि लोहाचं रूप बदलून ते उचलतात. गवतांत बार्ली या कामात तरबेज. भात मात्र फार हात आखडून सोडतो. त्याला कधी गरजच पडली नाही, कारण चिखलणीच्या पाण्यात लोह विरघळलेलंच असतं.

निशिझावा आणि त्यांचे सहकारी सातोशी मोरी यांनी 1987 मध्ये दोन गोष्टी मांडल्या. एक, हे आम्ल मेथिओनिन नावाच्या साध्या अमिनो आम्लापासून बनतं. दुसरी गोष्ट डोळ्यांनी बघण्याची होती. बार्ली हे आम्ल दिवसभर सोडत नाही, सूर्य उगवल्यावर काही तास सोडते आणि थांबते. त्यांनी लोहाची उपासमार केलेल्या बार्लीच्या मुळांचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींत बारीक पिशव्या दिसल्या. पहाटेपर्यंत त्या टम्म फुगलेल्या, आणि सकाळचा स्राव होऊन गेल्यावर मरगळलेल्या. रोज सकाळी दुधाचे कॅन डेअरीवर रिकामे व्हावेत तसं.

मग प्रश्न पडतो की पिशवीतला माल बाहेर कुठल्या दारानं जातो. उत्तर मिळालं 2011 मध्ये. त्यांच्याच गटानं भात आणि बार्लीतलं ते दार, म्हणजे आम्ल पेशीबाहेर सोडणारं प्रथिन, शोधलं. पिशवी दिसली 1987 ला, दार सापडलं 2011 ला. मधली 24 वर्षं आपल्या पद्धतीच्या फाईलमध्ये कुठल्या रकान्यात बसवायची?

मधली वर्षं रिकामी नव्हती, हे खरं. 1999 मध्ये या गटानं आम्ल बनवण्याच्या साखळीतल्या दोन महत्त्वाच्या विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, जनुकं बार्लीतून वेगळी केली. 2001 मध्ये त्यातल्या एका विकराची बार्लीतली जनुकं भातात घातली आणि तो भात चुनखडीच्या, विम्ल जमिनीत लावला. साध्या भाताच्या चौपट दाणे आले. शाळेच्या पुस्तकात शोभेल असा सोपा, सुंदर प्रयोग. पण मला त्यांच्या यादीतलं सर्वांत भावणारं काम 2006 चं आहे. गवतं एका मार्गानं लोह घेतात आणि बाकीची झाडं दुसऱ्या, ही विभागणी तोवर पक्की झाली होती आणि तिच्यातल्या गवतांच्या मार्गावर तर यांचीच अर्धी हयात गेलेली. त्याच गटानं दाखवून दिलं की भात दोन्ही मार्ग वापरतो. आम्ल सोडून धरून आणतो, आणि चिखलात आयतं विरघळलेलं असेल तर थेटही उचलतो. आपणच आखलेल्या रेषेवर आपणच पाय ठेवला. पॉइंटच्या तक्त्यात याला आणि चांदीच्या कणांना सारखेच गुण.

आता कोणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की निशिझावांचे पेपर काय कमी आहेत? ढीगभर आहेत. मोजले असते तरी त्या वरच आल्या असत्या. मग मोजण्यावर राग कशाला? मला हा आक्षेप टाळायचा नाही. खरंच आहे, ज्याला एक प्रश्न चिकटतो त्याच्या हातून पेपर बाहेर पडतातच. अडचण उलट्या बाजूनं आहे. आकडा त्यांनाही शंभर म्हणतो आणि पेपरच्या कारखान्यालाही शंभरच म्हणतो. किलोच्या काट्यावर आंबा आणि कोय यांत फरक करता येत नाही. आणि ज्या क्षणी पगार काट्यावर ठरतो त्या क्षणी शहाणा माणूस कोय विकायला लागतो, यात त्याचा दोष मला फारसा दिसत नाही.

आपल्याकडे हे कसं घडलं त्याच्या तारखा आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमांनी प्राध्यापकांसाठी पॉइंटांची पद्धत आणली. पीएचडीच्या मुलांनाही प्रबंधाआधी पेपर छापणं बंधनकारक होतं. मागणी निर्माण झाली की पुरवठा येतो. पैसे भरले की आठवड्यात छापणारी जर्नलं गल्लोगल्ली उगवली. मग त्यांची यादी करावी लागली. त्या मंजूर यादीतूनच 2018 च्या मे महिन्यात 4,305 जर्नलं काढून टाकावी लागली. त्याच वर्षी चांगल्या जर्नलांची नवी केअर यादी करण्याचं काम सुरू झालं, त्याचा कक्ष आपल्या पुणे विद्यापीठातच होता. 2022 च्या नियमांत पीएचडीची पेपरसक्ती गेली. 2025 च्या फेब्रुवारीत केअर यादीही बंद केली आणि जर्नल कसं निवडायचं ते संस्थांनी आपापलं ठरवावं असं सांगितलं. पंधरा वर्षांत आधी सक्ती, मग चाळणी, मग चाळणीची चाळणी, आणि शेवटी 'तुमचं तुम्ही बघा'. या सगळ्या वर्षांत पेपर उघडून वाचणारं मला क्वचितच कोणी दिसलं.

वाचायला वेळ लागतो, हे कारण मला दर वेळी ऐकवलं जातं. लागतो. 14 पेपर वाचायला मला दोन दिवस लागले असते. पण उमेदवारानं आपले तीनच पेपर निवडून द्यावेत आणि सोबत एका पानावर, मराठीत चालेल, लिहून द्यावं की मला कोणता प्रश्न पडला होता, काय सापडलं आणि कुठे चुकलो. एवढं एका दुपारचं काम आहे. कुठे चुकलो, हा रकाना तर मी सक्तीचा करीन. ज्याला तो भरता येत नाही त्यानं बहुधा प्रयोग केलेलाच नसतो.

दुसरा आक्षेप दाजींच्या बाजूनं येतो आणि तो जास्त जड आहे. चौपट दाण्यांचा भात 2001 मध्ये झाला, मग तो आहे कुठे? आजही तो कुठल्या शेतकऱ्याच्या पेरणीत नाही. जनुक बदललेल्या पिकाला परवानगी मिळवणं ही निराळीच लढाई आहे. पुढे 2012 मध्ये याच गटानं अनेक जनुकं एकत्र घालून शेतात वाढवलेल्या भाताच्या सडीक तांदळात लोह चौपटीहून जास्त नेलं. तोही प्रायोगिक वाफ्यातच राहिला.

आणि दरम्यान आपल्याकडे काय झालं? महाराष्ट्रात 2012 मध्ये 'धनशक्ती' ही लोहयुक्त बाजरी आली. पाटणचेरूची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांचं हे काम. जनुक कापलं नाही, जोडलं नाही, आधीच्या चांगल्या वाणातून निवड करत करत नेलं. मग आपल्याच राज्यातल्या 12 ते 16 वर्षांच्या 246 शाळकरी मुलांना लोहयुक्त बाजरीच्या भाकरी खाऊ घालून तपासणी झाली. 2015 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात मुलांच्या शरीरातला लोहसाठा सुधारल्याचं दिसलं. ज्या देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, तिथे ही भाकरी म्हणजे मोठी गोष्ट आहे. मग कोणी विचारलं की बार्लीच्या पिशव्या बघत बसण्यापेक्षा सरळ निवड का करू नये, तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

माझं उत्तर पूर्ण समाधानकारक नाही, पण देतो. निवड करायला निवडण्यासारखं काही हाताशी असावं लागतं. धनशक्तीचं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोच्या देशी बाजरीत आहे. ते बियाणं कोणीतरी गोळा केलं आणि जपून ठेवलं तेव्हा लोहाचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. तेही मोजता न येणारंच काम होतं. बाजरीत असा खजिना निघाला, प्रत्येक पिकात निघेलच असं नाही. शिवाय धनशक्ती खाणाऱ्याला लोह देते. दाजींच्या ओढ्याकडच्या कोपऱ्याला ती काही देत नाही. तिथं मूळ आणि चुनखडी यांच्यामध्ये काय चाललं आहे ते कळल्याशिवाय फवारणीच्या पलीकडे जाता येत नाही.

आणि त्या कोपऱ्यासाठी गोष्ट पुढे सरकली आहे. बार्लीचं आम्ल कारखान्यात बनवून खत म्हणून द्यावं ही कल्पना जुनी. ते परवडेना, कारण त्या रेणूतला चार अणूंच्या कड्याचा एक भाग बनवणं फार महाग. 2021 मध्ये जपानी संशोधकांनी तो महागडा भाग काढून तिथं प्रोलिन हे स्वस्त अमिनो आम्ल बसवलं. झाडानं ही नक्कल आपलीच समजून उचलली आणि चुनखडीच्या मातीत भात हिरवा उभा राहिला. त्या पेपरच्या लांबलचक लेखकयादीत शेवटाकडे निशिझावांचं नाव आहे. प्रमुख लेखक एका पोलाद कंपनीत काम करणारे. गोव्याच्या खाणींतलं लोहखनिज वर्षानुवर्षं जहाजं भरभरून जपानला गेलं, आणि तिथली पोलादवाली मंडळी झाडाला लोह कसं भरवायचं याच्या मागे लागली, हे मला उगीचच गमतीचं वाटतं.

1987 ते 2021. मेथिओनिनपासून आम्ल बनतं हे कळलं नसतं तर विकरं शोधता आली नसती. आम्ल लोहाला कसं धरतं आणि मूळ ती जोडी कशी ओळखतं हे माहीत नसतं तर कुठला भाग बदलला तर चालेल हे सांगता आलं नसतं. यातलं एकही पाऊल टाकताना पुढचं ठरलेलं नव्हतं. 'उपयोग काय' हा प्रश्न 1987 मध्ये विचारला असता तर प्रामाणिक उत्तर 'माहीत नाही' हेच होतं. म्हणून तो प्रश्न विचारू नये असं मी म्हणत नाही. शेतकऱ्याच्या करातून प्रयोगशाळा चालत असेल तर त्याला तो हक्क आहे. फक्त तो कोणाला आणि कधी विचारायचा याचं भान हवं. पेपर मोजणारा साहेब आणि उपयोग विचारणारा पुढारी एकमेकांना नावं ठेवतात, पण दोघंही दर वर्षी मार्चअखेर हिशेब मागतात. बार्ली मार्चअखेर काही सोडत नाही.

आपल्याकडे हे अवघड होण्याचं खरं कारण आकड्यांच्याही मागे आहे आणि त्याबद्दल सभांमध्ये बोलणं टाळलं जातं. चोवीस वर्षं एका दाराचा शोध घ्यायचा तर चोवीस वर्षं तिथं असावं लागतं. आपल्या महाविद्यालयांत आज शिकवणाऱ्यांपैकी किती जण तासिका तत्त्वावर आहेत ते कोणत्याही स्टाफरूममध्ये जाऊन विचारा. माझी एक विद्यार्थिनी मातीतल्या जस्तावर फार सुरेख काम करत होती. प्रकल्प तीन वर्षांचा, दर अकरा महिन्यांनी नवी ऑर्डर, फेलोशिप कधी सहा महिने अडकलेली. प्रकल्प संपला तेव्हा तिचं झाड नुकतं बोलायला लागलं होतं. आता ती पुण्यात एका औषध कंपनीच्या दर्जा तपासणी विभागात आहे आणि सुखात आहे. तिचा प्रश्न मात्र कोणाकडेच राहिला नाही. तिच्यानंतर आलेल्या मुलाला वेगळा विषय दिला गेला, कारण तेव्हा निधी वेगळ्या विषयाला होता.

म्हणून पेपरांची यादी रद्द करा एवढीच मागणी करून मी थांबणार नाही. यादी गेली आणि माणूस अकरा महिन्यांचाच राहिला, तर वाचायलाही काही उरणार नाही. जागा भरा, मग त्या माणसाला पाच वर्षांनी बोलावून एक दुपार त्याचं ऐका. पाच वर्षांत एकच पेपर असेल आणि तो आपल्याला समजावून सांगताना त्याचे डोळे चमकत असतील तर त्याला आणखी पाच वर्षं द्या. यात काही जण फुकट पगार खातील, हे मला मान्य आहे. आजही खातातच, फक्त आज त्यांच्याकडे 14 पेपर असतात.

परवा दाजींना ही सगळी गोष्ट बांधावर बसून सांगितली. पिशव्यांची सकाळ त्यांना फार पटली. म्हणाले, "आपल्या गाईचंच की. येळ झाली की पान्हा." मग बराच वेळ त्या पिवळ्या कोपऱ्याकडे बघत होते.

"मास्तर, त्या बाईंना किती वर्षं लागली म्हणालात?"

"चौतीस-पस्तीस."

"आन् पगार मिळत व्हता ना तेवढी वर्षं?"

"होता की."

"मग जमणारच," दाजी म्हणाले, आणि हिराकशीचा पंप पाठीवर चढवून सरीत उतरले.